बारा हजार हिरवे दिवे

आयुधपूजेच्या सकाळी बंगळुरातल्या हस्तामलक सॉफ्टवेअर कंपनीच्या तळमजल्यावर दोनशे माणसं माना वर करून एका भिंतीकडे बघत होती. दाराला केळीचे खुंट बांधले होते, प्रत्येक कीबोर्डला हळदीकुंकवाची बोटं लागली होती आणि चुरमुऱ्यांच्या पुड्या हातोहात फिरत होत्या. या दोनशेंत अंगठेबहाद्दर एकही नव्हता. निम्म्यांकडे इंजिनिअरिंगची पदवी, दहाबारा तर परदेशात शिकून आलेले. तरीही अंगात आलेल्या बाईपुढे जत्रेतली माणसं उभी राहतात तशी ही सगळी आ वासून उभी होती. इथे वारं बाईच्या अंगात न येता भिंतीत शिरलं होतं, इतकाच काय तो फरक.

भिंतीएवढ्या पडद्यावर बारा हजार बारीक दिवे होते. कंपनी रुग्णालयांसाठी जे सॉफ्टवेअर लिही, त्याची एकेक चाचणी म्हणजे एकेक दिवा. उत्तर बरोबर आलं की हिरवा, चुकलं की लाल. ह्या चाचण्या माणसं करत नसत, ‘त्रिनेत्र’ नावाचं यंत्र करत असे. गेल्या आठ महिन्यांत त्या भिंतीवर लाल दिवा कुणी पाहिला नव्हता.

“मी बाबा नाही!” त्रिनेत्राचा जनक निरंजन कुदूर कानाला माइक लावून म्हणाला. अंगात पांढरा लिननचा कुर्ता, पायात पांढरे बूट, दाढी मोजून कातरलेली. “मी अंगारा देत नाही, गंडा बांधत नाही. मी फक्त सत्य दाखवतो.”

प्रत्येक बाबाची सुरुवात अशीच असते, हे दोनशेंपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

“माणूस चाचणी करतो तेव्हा काय होतं?” कुदूर फेऱ्या मारत म्हणाला. “अकराला त्याला कॉफी लागते. एकला जेवण. चारला पुन्हा कॉफी, एका कपात दोघं, बाय-टू. माझ्या त्रिनेत्राला कॉफी लागते का?”

“नाही!” गर्दी ओरडली.

“सुट्टी?”

“नाही!”

“बाळंतपणाची रजा?”

मोठा हशा पिकला. कुदूरनं हसता हसता तिसऱ्या रांगेतल्या वनजाक्षीकडे पाहिलं. तीही हसली. आज तिला हसायला काहीच हरकत नव्हती.

वनजाक्षी एक्कावन्न वर्षांची, तुमकूरची, कंपनीत बावीस वर्षं काढलेली. चाचणी विभागाची प्रमुख. म्हणजे कागदावर. विभागात आता ती एकटीच होती. पूर्वी तिच्या हाताखाली नऊ बायका होत्या आणि त्या तिनं मुद्दाम वेचून आणल्या होत्या. दोघी जुन्या नर्स, एक औषधाच्या दुकानात वीस वर्षं उभी राहिलेली, एक रुग्णालयाच्या खिडकीवर केसपेपर काढणारी. तिचं म्हणणं साधं होतं. भाकरी भाजली की नाही ते तव्याला विचारू नये, खाणाऱ्याला विचारावं. म्हणून नवं सॉफ्टवेअर बाहेर पडण्याआधी या नऊजणी ते घेऊन रुग्णालयात जात, तिथल्या नर्सला वापरायला देत आणि गुपचूप शेजारी बसून तिची बोटं कुठे अडतात ते वहीत लिहीत. ज्यानं वापरायचं त्यानंच पास करायचं, अशी ही चाचणी. त्याला पंधरा दिवस लागत. कुदूरचा त्रिनेत्र ते काम अकरा मिनिटांत करून दाखवू लागला आणि फेब्रुवारीत एका शुक्रवारी नऊजणींना घरी पाठवलं. त्यांच्या वह्या तेवढ्या ठेवून घेतल्या. त्यातल्या चाचण्या त्रिनेत्रात उतरवून काढल्या. वनजाक्षीचं टेबल जिन्याखाली गेलं.

यतिराज सर कंपनीचे मालक. त्यांना तिनं तीनदा पत्र लिहिलं. हे यंत्र कधीच कसं चुकत नाही, ते एकदा तपासा. तिसऱ्या पत्रावर त्यांनी तिला बोलावून चहा पाजला. “वनजाक्षी, मत्सर वाईट,” ते म्हणाले. “निरंजननं आपल्याला कुठे नेऊन ठेवलं बघा.”

मग सप्टेंबर उजाडला.

हासनजवळ एका ट्रस्टचं बाळंतपणाचं रुग्णालय होतं, तिथे हस्तामलकचं सॉफ्टवेअर चाले. मंजव्वा नावाच्या बाईला जुळे मुलगे झाले. थोरला सव्वीसशे ग्रॅमचा, धाकटा चौदाशे. दोघांनाही वजनावर मोजून द्यायचं इंजेक्शन लिहिलेलं होतं. धाकट्याला थोरल्याचा डोस गेला. त्याची लघवी बंद झाली, अंग सुजलं. अकरा दिवस काचेच्या पेटीत काढून ते चिमणं कसंबसं वाचलं. इंजेक्शन सिस्टर फ्लेविया मिनेझिसनं दिलं होतं. एकतीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढलेली बाई. “टॅबवर सव्वीसशेच लिहिलेलं होतं,” असं ती पहिल्या दिवसापासून सांगत होती. चौकशीवाल्यांनी टॅब उघडला, धाकट्याचं पान काढलं. चौदाशे. पुन्हा काढलं. चौदाशे. “सिस्टर, वय झालं, चष्मा बदला,” असं कुणीतरी म्हणालंसुद्धा.

दोन दिवसांनी तिची शेवटची सुनावणी होती. नोंदणी रद्द होणार, असं सगळेच धरून चालले होते. त्यावर शिक्कामोर्तब करायला कुदूरनं कंपनीच्या नावानं एक दाखला तयार केला होता. बारा हजार चाचण्या निर्दोष, सॉफ्टवेअरमध्ये दोष नाही, चूक माणसाची. खाली चाचणी विभागाच्या प्रमुखाची सही हवी होती. तो कागद चार दिवस वनजाक्षीच्या पर्समध्ये होता. “पूजेनंतर सगळ्यांसमोर करते सर, शुभ असतं,” असं तिनं त्याला सांगितलं होतं, आणि कुदूर खूश झाला होता. वाघ पिंजऱ्यात आपल्या पायांनी आला की असंच वाटतं माणसाला.

फ्लेवियाला तिनं पूजेचं आमंत्रण दिलं होतं. सकाळच्या पहिल्या बसनं ती हासनहून आली, बरोबर तिथले बालरोगतज्ज्ञ डॉक्टर दोड्डय्या. आता दोघं मागच्या रांगेत बसली होती. फ्लेवियाच्या हातातली चुरमुऱ्यांची पुडी तशीच होती.

“अक्का, मला इथे का बोलावलंत?” तिनं दाराशी विचारलं होतं. “ह्या लोकांची तोंडं बघायला?”

“तोंडं बघायलाच, सिस्टर,” वनजाक्षी म्हणाली होती. “पण जरा थांबा. अजून तोंडं तयार व्हायचीत.”

व्यासपीठावर देवीच्या तसबिरीपुढे एक काळी लोखंडी पेटी झेंडूच्या माळा घालून ठेवली होती. हा सर्व्हर, म्हणजे रुग्णालयाचं सॉफ्टवेअर ज्यात चालतं ते यंत्र. रुग्णालयाची माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही असा करार असल्यानं तपासायचं सॉफ्टवेअर या एकाच पेटीत असे; त्रिनेत्र कुदूरच्या लॅपटॉपवर चाले आणि तिला प्रश्न विचारी. दरवर्षी पूजेला ती खाली आणत. पेटीशेजारी दसऱ्याच्या बाहुल्यांची उतरंड, वरच्या पायरीवर लाकडी राजाराणी. दाराशी रखवालदार मुनियप्पा एक कोहळा सकाळीच फोडून दुसरा हातात घेऊन उभा. दृष्ट काढून कोहळा दारात फोडायचा, ही दरवर्षीची रीत. गेल्या वर्षी अशाच फोडींवरून घसरून हिशेबनीस रंगप्पा यांचा हात मोडला होता आणि ती दृष्ट कुणाची, याचा शोध अजून लागलेला नव्हता.

“आणि आज,” कुदूरचा आवाज चढला, “आयुधपूजेच्या मुहूर्तावर त्रिनेत्र तुमच्यासमोर या पेटीतलं संपूर्ण सॉफ्टवेअर तपासणार आहे!”

वनजाक्षी उठली. “सर, एक विनंती.”

“बोला, बोला. आमच्या ज्येष्ठ भगिनी!”

“हासनहून पाहुणे आलेत. त्यांच्या मनात किंतू आहे. त्रिनेत्राच्या नजरेतून काहीच सुटत नाही, हे तुम्ही एकदा सगळ्यांसमोर शब्द देऊन सांगितलंत तर त्यांचं समाधान होईल.”

कुदूरला शब्द द्यायला सांगणं म्हणजे बेडकाला पाण्यात उडी मार म्हणण्यासारखं होतं. तो छाती काढून पुढे आला. “एक! फक्त एक चूक दाखवा, जी त्रिनेत्राला दिसली नाही. त्या क्षणी मुनियप्पाच्या हातातल्या कोहळ्यासारखा मी त्रिनेत्र फोडीन आणि या दारातून चालता होईन. पुन्हा तोंड दाखवणार नाही!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या पोरांनी “सूपर गुरू!” म्हणून आरोळी ठोकली.

“यतिराज सर, ऐकलंत ना?” वनजाक्षीनं विचारलं.

“ऐकलं, ऐकलं. बसा आता.”

कुदूरनं लॅपटॉपची कळ दाबली. भिंत जागी झाली. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून दिवे पिवळे होत गेले. नेहमी दोनचार पिवळे होत, आज अख्खी भिंत पिवळी झाली. कुजबुज सुरू झाली. यतिराज सर खुर्चीतून अर्धवट उठले. कुदूर पळभर गांगरला, पण गडी मुरलेला होता.

“अहो, घाबरता काय?” तो हसून म्हणाला. “पूजा आहे आज! त्रिनेत्रानं अंगाला हळद लावून घेतली!”

हशा उसळला. आणि त्या हशातच पिवळे दिवे एकेक करून हिरवे व्हायला लागले. शंभर, हजार, पाच हजार. “बघा! स्वतःला बरं करतोय! हीच त्याची विद्या! तो शिकतो, तो सावरतो!” अकराव्या मिनिटाला बारा हजार दिवे हिरवेगार झाले. दोनशे माणसं उभं राहून टाळ्या वाजवू लागली. एका पोरीनं चक्क भिंतीला हात जोडले.

टाळ्या संपेपर्यंत वनजाक्षी थांबली. असं जेवण घाईनं जेवायचं नसतं. मग ती व्यासपीठावर गेली.

“सर, त्रिनेत्रानं आत्ता तपासलं ते हासनचंच सॉफ्टवेअर ना?”

“अर्थात.”

“याच पेटीतलं?”

“याच!” कुदूरनं माळा घातलेल्या पेटीवर प्रेमानं हात ठेवला.

“मुनियप्पा,” वनजाक्षी म्हणाली, “सकाळी पूजा झाल्यावर या पेटीचं तू काय केलंस?”

मुनियप्पा कोहळा सांभाळत पुढे आला. “नेहमीचंच, मेडम. आयुधांना आज विश्रांती. उद्या सकाळपर्यंत चालवायची नाहीत. मी वायर काढून ठेवली. तुम्हीच म्हणालात ना, रीत मोडायची नाही.”

वनजाक्षीनं माळांखाली हात घातला आणि काळ्या वायरीचं टोक वर काढलं. प्लग हवेत लोंबकळत होता.

मागच्या रांगेतली माणसं चवड्यांवर उभी राहून तो बघू लागली.

“ही पेटी सकाळी नऊपासून बंद आहे,” ती म्हणाली. “हिच्यात सॉफ्टवेअर चालू नाही, रुग्णालय नाही, औषध नाही. हिला बारा हजार प्रश्न विचारले. हिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. आणि तुमच्या त्रिनेत्रानं तिला बारा हजारांपैकी बारा हजार गुण दिले.”

“ते... दुसरीकडून...” कुदूर चाचरला. “क्लाउडवरून घेतलं असेल.”

“कुठल्या क्लाउडवरून, सर?” खालून भारदस्त आवाज आला. कंपनीचा डेटाबेस सांभाळणारा मुदस्सर. चाळिशीचा, मितभाषी, कपाळावर कायम आठी. “बाहेर एक अक्षर जाऊ द्यायचं नाही हे करारात मीच लिहिलंय. तुम्ही सही केलीय. वाचून केली असेल असं धरून चालतो.”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. हे हसू कुदूरच्या विनोदाला नव्हतं आणि कुदूरला ते कळलं.

“यतिराज सर, यांचा जुना राग आहे माझ्यावर,” तो वळून म्हणाला. “हा सगळा कट आहे.”

“कटच आहे,” वनजाक्षी म्हणाली. “मुनियप्पा, लाव वायर. सिस्टर फ्लेविया, जरा वर या.”

फ्लेविया बिचकतच वर आली. वनजाक्षीनं उतरंडीवरचे लाकडी राजाराणी उचलले आणि टेबलावर शेजारी शेजारी निजवले. राजाच्या गळ्यात चिठ्ठी अडकवली, मंजव्वाचं बाळ, एक. राणीच्या गळ्यात, मंजव्वाचं बाळ, दोन. तोवर पेटी घुरघुरत सुरू झाली होती. मुदस्सरनं दोन जुळ्यांची नोंद केली, एक सव्वीसशे ग्रॅम, दुसरं चौदाशे, आणि टॅबचं चित्र भिंतीवर टाकलं.

“चौकशीवाल्यांनी काय केलं? टॅब उघडला, धाकट्याचं पान काढलं.” वनजाक्षीनं तसं केलं. भिंतीवर चौदाशे दिसले. “बरोबर. बंद केला, पुन्हा उघडला. पुन्हा बरोबर. दरवेळी असं दारातून नव्यानं आत आलं, तर चूक दिसायचीच नाही. आता सिस्टर, तुम्ही वॉर्डात जसा राउंड घेता तसा घ्या.”

फ्लेवियानं पिशवीतून हातमोजे काढून चढवले. हातमोजे चढल्याबरोबर बाईचा बिचकलेपणा गेला. राजापाशी उभी राहिली, थोरल्याचं पान काढलं, चिठ्ठी वाचली, पडदा वाचला. सव्वीसशे. इंजेक्शन दिल्यासारखं केलं. मग टॅब बंद न करता, यादीत मागे न जाता, मोज्यातलं बोट पडद्यावर एकदा सरकवून ती शेजारच्या पाळण्याकडे वळली. चाळीस पाळण्यांच्या वॉर्डात जगातली कुठलीही नर्स अशीच वळते.

राणीच्या चिठ्ठीवर होतं, मंजव्वाचं बाळ, दोन. भिंतीवरही वर तेच आलं. खाली वजन आलं, सव्वीसशे.

“येशू!” फ्लेवियाच्या तोंडून निघालं. “हेच! हेच पाहिलं मी! मी म्हणत नव्हते?”

डॉक्टर दोड्डय्या खुर्चीतून उठून उभे राहिले. “पुन्हा करा.”

पुन्हा केलं. सव्वीसशे. तिसऱ्यांदाही सव्वीसशे.

मुदस्सरनं समजावून सांगितलं. “बाळाचं नाव तोट्टिलशास्त्राला ठेवतात, पाळण्यात घालतात तेव्हा. तोवर नावाच्या जागी आईचं नाव, एक-दोन हा आकडा वेगळ्या रकान्यात. जुळ्यांची आई एक, जन्मतारीख एक. ऑगस्टमध्ये आम्ही पान झटपट उघडावं म्हणून बदल केला. एका पेशंटवरून थेट दुसऱ्याकडे गेलं आणि नाव-तारीख तीच असली, तर तोच पेशंट समजायचं आणि आधीचं वजन तसंच ठेवायचं. चूक आमची. माझी पण. ती पकडायची म्हणून तर चाचणी असते.”

“आणि ही चाचणी कुणालाच सुचली नाही, त्यात त्रिनेत्राचा काय दोष?” कुदूरनं बुडत्याची काडी पकडली. “जे विचारलंच नाही ते—”

“विचारलं होतं,” वनजाक्षी म्हणाली.

ह्याच वाक्यासाठी ती तीन दिवस थांबली होती. मुदस्सरनं तिला त्रिनेत्राची आतली नोंदवही काढून दाखवली तेव्हाच ती धावत जाऊन ओरडू शकली असती. पण बंद खोलीत ओरडल्यावर काय मिळतं ते तिला ठाऊक होतं. चहा मिळतो.

“चाचणी क्रमांक सात हजार तीनशे सोळा. माझ्या वहीतली. नाव, ‘जुळ्यांचा राउंड, मागे न जाता’. आठ महिन्यांपूर्वी तुम्हीच ती त्रिनेत्रात उतरवून घेतलीत. मुदस्सर, दाखवा.”

भिंतीवर दोन ओळी आल्या. पहिली होती, अपेक्षित उत्तर १५००, म्हणजे वहीतल्या धाकट्या जुळ्याचं वजन. दुसरी नऊ ऑगस्टची होती. मिळालेलं उत्तर २८००, म्हणजे थोरल्याचं. अपेक्षित उत्तर बदलून २८०० केले. बदल करणारा, त्रिनेत्र. निकाल, हिरवा.

“हीच त्याची विद्या,” वनजाक्षी म्हणाली. “पोरानं पेपरात जे लिहिलं तेच मास्तर आपल्या उत्तरसूचीत उतरवून घेतो आणि मग पैकीच्या पैकी गुण देतो. पिवळा दिवा लागला की समजायचं, चोरी चालू आहे. ती तुमच्या डोळ्यांदेखत चालते आणि तुम्ही टाळ्या वाजवता. आज बंद पेटीकडून उत्तरच आलं नाही, तर यानं लिहून घेतलं, उत्तर न येणं हेच बरोबर उत्तर.”

“ती एक सोय आहे,” कुदूर पुटपुटला. “बारीकसारीक बदलांसाठी. माझ्या नकळत...”

“लाल रंग फेब्रुवारीतच बंद करून ठेवलाय,” मुदस्सर शांतपणे म्हणाला आणि तिसरी ओळ भिंतीवर टाकली. “हे यंत्रानं केलेलं नाही. इथे माणसाचं नाव आहे. निरंजन कुदूर.”

फ्लेविया भिंतीकडे बघत होती. “नऊ ऑगस्ट,” ती हळूच म्हणाली. “बाळ चौदा सप्टेंबरचं. म्हणजे याला पाच आठवडे आधी माहीत होतं?”

“दिसलं होतं, सिस्टर. पुसून टाकलं.”

“अक्का, ती जुळ्यांची चाचणी... सहा वर्षांपूर्वी तुम्ही आमच्या वॉर्डात वही घेऊन बसला होतात, तेव्हा मीच...”

“तुम्हीच सांगितलीत. म्हणालात, जुळ्यांना फार जपावं लागतं, लिहून घ्या. मी तुमच्याच शब्दांत लिहिली.”

फ्लेवियानं हातमोजे काढले. ती कुदूरसमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढला नाही, पण प्रत्येक शब्द मागच्या रांगेपर्यंत गेला. “अकरा दिवस मी त्या काचेच्या पेटीशेजारी बसून रोझरीची माळ जपली. देवाला म्हटलं, माझे डोळे गेले असतील तर सांग, मी स्वतः नोकरी सोडते. चर्चमध्ये बायका माझ्या शेजारी बसायच्या बंद झाल्या. तुम्ही लिहून दिलंत, चूक माणसाची. बरोबर लिहिलंत. फक्त माणूस चुकीचा धरलात.”

कुदूरनं मान खाली घातली. वनजाक्षीनं ते डोळे भरून पाहिलं आणि तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. आठ महिने जिन्याखाली बसून, जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या चपला बघत तिनं हीच खाली गेलेली मान मनात शंभरदा पाहिली होती.

“माझ्यावर एवढा राग होता, वनजाक्षी?” तो दबक्या आवाजात म्हणाला.

“होता. आहे. नऊ बायकांचा आहे, सिस्टरांचा आहे, आणि ज्याला अजून बोलता येत नाही त्याच्या वाटचाही मीच धरून ठेवलाय. आता तुमचा शब्द. दार तिकडे आहे.”

कुदूरनं यतिराज सरांकडे पाहिलं. यतिराज सर चुरमुऱ्यांच्या पुडीकडे पाहत होते. दोनशे माणसांनी वाट करून दिली. दाराशी मुनियप्पानं सकाळी फोडलेल्या कोहळ्याचा चिखल होता. “जपून सर,” तो अदबीनं म्हणाला, “घसरतं.” आणि पांढरे बूट भिंतीला धरून धरून बाहेर गेले.

“वनजाक्षी,” यतिराज सर घसा खाकरत म्हणाले, “मला कसं कळणार? भिंत तर हिरवी होती...”

“भिंत हिरवी होती म्हणूनच विचारायचं, सर. आठ महिने जी सासू एकदाही नावं ठेवत नाही, तिच्या घरी काहीतरी शिजतंय हे बाईमाणसाला लगेच कळतं.” मग ती सगळ्यांकडे वळली. “माझं यंत्राशी वैर नाही. एकच प्रश्न हजारदा न कंटाळता विचारायचा, तर ते यंत्रानंच करावं. मला जमायचं नाही. पण काय विचारायचं आणि खरं उत्तर कुठलं, हे ज्याच्या हातात बाळ आहे तोच सांगू शकतो. त्याला घरी पाठवून भिंतीला हात जोडलेत, तर तुमच्यात आणि लिंबू उतरवणाऱ्यात फरक काय? तो निदान लिंबाचेच पैसे घेतो. पुढच्या वेळी कुणी कधीच न चुकणारं काही घेऊन आला, मग तो भगव्यात असो की लिननमध्ये, तर टाळ्या नंतर वाजवा. आधी एवढंच विचारा, हे चुकलं असतं तर आम्हाला कसं दिसलं असतं? आणि शक्य असेल तर प्लग ओढून बघा.”

ती खाली बसली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मघाच्या टाळ्यांची लाज होती.

मग तिनं पर्समधला दाखला काढला, यतिराज सरांसमोर उलटा ठेवला आणि कोऱ्या बाजूला नवा मजकूर सांगितला. सॉफ्टवेअरमध्ये दोष होता. यंत्राला तो पाच आठवडे आधी दिसला होता. सिस्टर फ्लेविया मिनेझिस यांनी पडद्यावर दिसलं तेच वाचलं. यतिराज सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, सही केली. डॉक्टर दोड्डय्यांनी साक्षीदार म्हणून केली. वनजाक्षीनं सगळ्यात शेवटी, तारीख घालून. त्याखाली तिनं नऊ नावं लिहिली आणि म्हणाली, “सोमवारी या कामावर येतील. टेबलं जिन्याखाली नकोत.”

मुदस्सरनं दुपारीच वह्यांतली मूळ उत्तरं परत घालून लाल रंग चालू केला. सात हजार तीनशे सोळा क्रमांकाच्या जागी एक लाल ठिपका उमटला. दोष दुरुस्त होऊन फ्लेवियानं स्वतः राउंड घेईपर्यंत तो तिथेच राहील, कुणी हात लावायचा नाही, असं वनजाक्षीनं बजावलं.

मुनियप्पाच्या हातात दुसरा कोहळा अजून होता. “मेडम, हा कुणावरून उतरवू? या भिंतीची दृष्ट काढायची का?”

“कोहळे फोडून एक तरी चूक दुरुस्त झाली का रे इथे? रंगप्पांचा हात तेवढा मोडला. घरी ने, सांबार कर.”

दोन दिवसांनी सुनावणी झाली, तास-दीड तास, आणि नोंदणी कायम राहिली. रविवारी फ्लेविया वॉर्डात परत गेली. पंधरा दिवसांनी हासनहून तिचा फोन आला. धाकट्याचं वजन चोवीसशे झालं होतं आणि मंजव्वाच्या माहेरी दोघांचं तोट्टिलशास्त्र झालं होतं.

“नावं काय ठेवली?” वनजाक्षीनं विचारलं.

“थोरला शिवलिंग. धाकटा गुरुबसव. आता दोघांचीही नावं वेगळी झाली हो अक्का, आता तो टॅब त्यांना चुकवायचा नाही.”

“नावं ठेवेपर्यंतच्या बाळांनासुद्धा चुकवता कामा नये, सिस्टर. म्हणून तर तुम्ही उद्या पहिल्या बसनं या. सॉफ्टवेअर दुरुस्त झालंय असं इथे सगळे म्हणतायत. तुम्ही वापरून बघितल्याशिवाय मी तो दिवा हिरवा होऊ देणार नाही.”